रोमन द्वादशफलक: प्रतिकृती कशी करायची आणि पाटीवर काय लिहायचे?

खापरतुकडा (प्रश्न)

शाळेच्या इतिहास प्रदर्शनात ‘उपयोग अज्ञात असलेल्या वस्तू’ असा एक कोपरा करायचा आहे. त्यात मुख्य वस्तू म्हणून रोमन द्वादशफलकाची प्रतिकृती ठेवायची आहे. बारा पंचकोनी पैलू, आतून पोकळ, प्रत्येक पैलूत वेगळ्या मापाचे गोल भोक आणि वीसही कोपऱ्यांवर एकेक गोटी, अशी ती ब्राँझची वस्तू. तीन गोष्टी विचारायच्या आहेत.

एक, माप काय धरू आणि ओतकाम कसे करावे? ओतारी काम करायला तयार आहेत, पण ‘आतला गाभा कसा धरून ठेवायचा’ असा त्यांचा प्रश्न आहे.

दोन, पाटीवर कोणता तर्क लिहू? हातमोजे विणायचे साधन, अंतर मापक, मेणबत्तीचे घर, नाण्यांचे मापट, फासा, पेरणीचे पंचांग… जो तो आपले खरे म्हणतो.

तीन, शेजारी कोल्हापूरच्या ब्रह्मपुरीच्या रोमन वस्तूंचे छायाचित्र लावले तर चालेल का?

मेणसाचा

पहिल्या प्रश्नाचे उत्तर देतो. मेणसाचा पद्धतीने ओता: मेणाची प्रतिकृती करायची, तिच्यावर माती चढवायची, मेण वितळवून काढायचे आणि उरलेल्या पोकळीत धातू ओतायचा. गाभा धरून ठेवायची काळजीच नको, कारण या वस्तूत ती सोय मुळातच आहे. बंद पोकळ मूर्ती ओतताना आतला मातीचा गाभा जागेवर राहावा म्हणून आरपार खिळे घालावे लागतात. इथे बारा भोके आहेत. मेणाच्या प्रतिकृतीवर पातळ माती चढवली की ती भोकांतून आत जाते, आत भरते आणि बाहेरच्या सांच्याशी बारा ठिकाणी जोडली जाते. मेण वितळून गेले तरी गाभा बारा खांबांवर उभा राहतो. इतके सोपे, आणि तरी बघणाऱ्याला अशक्य वाटावे असे.

माप: सापडलेल्या वस्तू साधारण ४ ते ११ सेंटीमीटरच्या आहेत, भोके ६ ते ४० मिलिमीटरची. प्रतिकृतीसाठी पंचकोनाची बाजू ३० मिमी धरा. मग समोरासमोरच्या पैलूंमधले अंतर बाजूच्या २.२२७ पट, म्हणजे ६६.८ मिमी येते. समोरासमोरच्या कोपऱ्यांमधले २.८०३ पट, म्हणजे ८४ मिमी, गोट्या सोडून. पंचकोन काढायला २५.५ मिमी त्रिज्येचे वर्तुळ घ्या आणि ७२ अंशांवर पाच खुणा करा. या पंचकोनात बसणारे सर्वांत मोठे वर्तुळ ४१ मिमी व्यासाचे असते, पण २६ च्या पुढे जाऊ नका. २६ मिमीच्या भोकाभोवती सर्वांत अरुंद जागी साडेसात मिमी धातू उरतो, तेवढा हवा.

भोकांचे व्यास: १०, १२, १४, १५, १७, १८, २०, २१, २२, २४, २५, २६. बाराही वेगळे, म्हणजे समोरासमोर सारखी भोके येणारच नाहीत.

मेण: मधमाशीचे मेण, त्यात थोडी राळ, म्हणजे पत्रा ताठ राहतो. २ मिमी जाडीचा पत्रा लाटा. बारा पंचकोन कापा आणि भोके जोडणीच्या आधीच पाडा. पातळ पत्र्याच्या नळीचा तुकडा गरम करून दाबला की स्वच्छ कापते. भोकाभोवती एकाआत एक अशा गोल रेघाही आताच कोरा, अनेक मूळ वस्तूंवर त्या आहेत. मग लाकडाच्या दोन फळ्या ११६.५ अंशांत ठोकून जोडणीसाठी एक आधार करा. शेजारचे दोन पैलू याच कोनात भेटतात. एका पंचकोनाभोवती पाच जोडले की वाटी होते. अशा दोन वाट्या करा, एकमेकींवर ठेवा, दातऱ्यात दात बसतो. कडा तिरप्या तासत बसू नका; आतल्या कडा टेकवा आणि बाहेरची खाच गरम मेणाने भरून सुरीने सपाट करा. त्या हिशेबाने पंचकोन बाजूला १.८ मिमी कमी, म्हणजे २८.२ मिमीचे कापा, तरच बाहेरची बाजू ३० येईल. शेवटी ६ मिमीच्या वीस मेणगोळ्या कोपऱ्यांवर चिकटवा. गोळी नुसती टेकवू नका, गरम सुईने मुळाशी मेण वितळवून गळा भरून घ्या. तो गळा बारीक राहिला तर धातू तिथेच गोठतो आणि गोटी अर्धी येते.

वजनाचा अंदाज आधी काढा. या मापात मेण साधारण ३० ग्रॅम होईल आणि धातू त्याच्या नऊपट, म्हणजे २७० ग्रॅमच्या आसपास. २०२३ साली इंग्लंडमध्ये लिंकनशायरच्या नॉर्टन डिस्नी गावी सापडलेले द्वादशफलक सुमारे ८ सेंटीमीटरचे आणि २५४ ग्रॅमचे आहे. म्हणजे २ मिमीची जाडी मुळाला धरूनच आहे. मुशीत मात्र निदान पाऊण किलो धातू घ्या, कारण धातू ओतायची वाट, वरचा पेला आणि हवा निघायच्या वाटा यांत बराच जातो.

माती: पहिले तीन थर वस्त्रगाळ मातीचे, पातळ, कुंचल्याने. भोकातून आत पुरेशी जाते ना ते पाहा. आत हवेचा बुडबुडा राहिला तर ओतताना तिथे धातू घुसतो आणि आतल्या बाजूला गाठ येते. वरचे थर भुसा मिसळलेल्या जाड मातीचे. प्रत्येक थर सावलीत पूर्ण वाळू द्या. गाभा बाहेरच्या थरापेक्षा खूप सावकाश वाळतो, आणि ओलसर गाभ्यावर धातू पडला तर वाफेने सांचा फुटतो. या कामात सर्वांत धोक्याची चूक हीच.

ठेवण: वस्तू एका कोपऱ्यावर उभी धरा. खालच्या गोटीपाशी धातू येऊ द्या आणि वरच्या तीन-चार गोट्यांपासून हवेच्या वाटा काढा. पैलू सपाट आडवा ठेवला तर वरच्या पाचही गोट्यांत हवा कोंडते. सांचा तापलेला, लालसर असतानाच ओता. गार सांच्यात दोन मोठ्या भोकांमधल्या पट्टीवर दोन्हीकडून आलेला रस एकजीव होत नाही आणि तिथे केसासारखी भेग राहते.

खापरतुकडा

मिश्रधातू कोणता घेऊ? मुळात होता तोच घ्यायचा विचार आहे.

मेणसाचा

मुळातला घेऊ नका. नॉर्टन डिस्नीच्या वस्तूत तांबे ७५, कथील ७ आणि शिसे १८ टक्के आहे. शिशाने रस पातळ होतो, बारीक गोट्यांत नीट शिरतो, आणि शिसे कथलापेक्षा स्वस्त. म्हणून रोमन ओतकामात ते सर्रास असे. पण तापलेल्या शिशाचा धूर विषारी आणि मुले ही वस्तू हाताळणार. साधे कासे किंवा पितळ वापरा. रस थोडा घट्ट असेल, म्हणून गोटी ६ ऐवजी ७ मिमीची करा.

एक गोष्ट पाटीसाठीही उपयोगी आहे. शिसे तांब्यात विरघळत नाही, बारीक थेंबांच्या रूपात अडकून राहते. असा धातू ठोकला तर तडकतो. त्यामुळे ‘गदेचे टोक’ हा तर्क धातूच मोडून काढतो. २ मिमी जाडीची, शिसे भरलेली पोकळ वस्तू डोक्यात मारायला कोणी करणार नाही.

त्रिज्या

दुसऱ्या प्रश्नाकडे येते. तर्क मोजत बसण्यापेक्षा कोणत्याही तर्काला चार प्रश्न विचारावेत. मापे एकसारखी नाहीत, ते का? गोट्या का? झीज का नाही? आणि ही वस्तू ठरावीक मुलखातच का सापडते?

अंतर मापकाचा तर्क ऐकायला शास्त्रीय वाटतो, म्हणून आकडे घालून पाहू. लहान भोक डोळ्याकडे, मोठे समोर. वस्तू मागेपुढे करून दोन्ही भोकांच्या कडा एकमेकींवर आणायच्या. तेव्हा दिसणारा कोन म्हणजे दोन व्यासांतला फरक भागिले भोकांमधले अंतर. आणि डोळ्यापासून वस्तू किती लांब धरायची? भोकांमधले अंतर गुणिले लहान व्यास, भागिले तोच फरक.

वरच्या प्रतिकृतीत भोकांमधले अंतर ६७ मिमी आहे. १० आणि २० मिमीची जोडी घेतली तर वस्तू डोळ्यापासून ६७ मिमीवर येते. ठीक. पण कोन इतका मोठा की १.८ मीटर उंचीचा माणूस त्यात बरोबर मावतो तेव्हा तो फक्त १२ मीटरवर असतो. हे अंतर पावलांनी मोजून होते. आता २० आणि २१ ची जोडी घ्या. तोच माणूस १२० मीटरवर मावतो, हे कामाचे अंतर झाले. पण त्यासाठी वस्तू डोळ्यापासून १ मीटर ३४ सेंटीमीटर लांब धरायला हवी. इतका लांब हात कोणाचा नसतो.

लहान भोके घेतली तर हात पुरतो, उदाहरणार्थ ६ आणि ७. पण मग चूक खाते. ओतकामात, कानस मारताना भोक ०.२ मिमी इकडेतिकडे झाले की व्यासांतला फरक ०.८ ते १.२ होतो आणि १२० मीटरच्या जागी १५० किंवा १०० येतात. आणि प्रत्येक वस्तूची भोके वेगळी असल्यामुळे प्रत्येकीसाठी वेगळा तक्ता हवा. तो तक्ता, निदान जोडी ओळखायची एखादी खूण, वस्तूवर कोरलेली असायला हवी होती. एकाही पोकळ द्वादशफलकावर अंक किंवा अक्षर नाही. ज्या लोकांनी मोजपट्ट्यांवर आणि वजनांवर खुणा करून ठेवल्या त्यांनी याच मापकावर त्या टाळल्या, हे पटत नाही.

सूर्यकिरणांचा कोन पाहून पेरणीचा दिवस ठरवायचा, हा तर्कही इथेच अडतो. भोकांचे व्यास आणि त्यांच्यातले अंतर यांचे प्रमाण वस्तूगणिक वेगळे, त्यामुळे दोन वस्तू एकच दिवस दाखवणार नाहीत.

सुईदोरा

विणकामाबद्दल लिहिते, कारण चित्रफितींमुळे हा तर्क सर्वांत पसरला आहे. हातमोज्याच्या पाच बोटांसाठी पाच वेगळ्या मापांची भोके, असे सांगतात.

गोल विणकामात टाके गोट्यांभोवती पडतात आणि विणलेली नळी भोकातून आत उतरते. नळीची रुंदी गोट्यांची संख्या आणि त्यांच्यातले अंतर ठरवते, भोक ठरवत नाही. प्रत्येक भोकाभोवती गोट्या पाचच आणि अंतरही तेच. त्यामुळे १० मिमीच्या भोकावर विणा की २६ मिमीच्या, नळी सारखीच येते. लहान भोकातून ती जड ओढली जाते, इतकाच फरक. बोटांची मापे बदलायची असती तर गोट्या कमीजास्त ठेवाव्या लागल्या असत्या. शिवाय हे काम लाकडाच्या ठोकळ्यावर पाच खिळे ठोकून होते, त्यासाठी मेणसाचाचे एवढे ओतकाम कशाला?

काळही जुळत नाही. रोमन काळातले इजिप्तमधले लोकरी पायमोजे सापडले आहेत, पण ते एका सुईने फास ओवत केलेले आहेत. दोन सुयांच्या खऱ्या विणकामाचे नमुने त्यानंतर कित्येक शतकांनी मिळतात. आणि सूत गोट्यांवरून हजारदा ओढले तर ब्राँझला चकाकी आणि बारीक चऱ्या पडतात. चांगल्या टिकलेल्या द्वादशफलकांवर अशी झीज नाही.

प्रदर्शनात मुलांना विणून दाखवायचे असेल तर जरूर दाखवा, मजा येईल. फक्त ‘यातून विणता येते’ आणि ‘हे विणायला केले होते’ ही दोन वेगळी वाक्ये आहेत, हे त्यांना सांगा.

नाणेवाचक

मापटाचा तर्क, नाण्यांचे असो की नळांचे, झीज आणि मापे या दोन मुद्द्यांवरच पडतो. त्यात वेळ घालवू नका.

कोठे सापडतात हे मात्र नीट सांगायला हवे. इंग्लंडमध्ये हर्टफर्डशायरच्या ॲस्टन इथली वस्तू १७३९ मध्ये नोंदली गेली, तेव्हापासून आजवर सुमारे १३० मिळाल्या. ब्रिटन, फ्रान्स, बेल्जियम, नेदरलँड्स, जर्मनी, स्वित्झर्लंड असा हा पट्टा. खुद्द रोममध्ये नाही, स्पेनमध्ये नाही, उत्तर आफ्रिकेत नाही, इजिप्त-सीरियात नाही. काळ इसवी सनाचे दुसरे ते चौथे शतक. एकाही टिकलेल्या लॅटिन किंवा ग्रीक ग्रंथात उल्लेख नाही, भित्तिचित्रात किंवा फरशीचित्रात आकृती नाही.

सैन्याला किंवा रस्ते बांधणाऱ्यांना हे साधन लागत असते तर ते साम्राज्यभर गेले असते, कारण पलटणी ब्रिटनमधून सीरियापर्यंत फिरत. म्हणून ही वस्तू गॉल (आजचा फ्रान्स) आणि आसपासच्या लोकांच्या स्वतःच्या रीतीतली असावी, असे मला ठामपणे वाटते.

त्या दृष्टीने काही शोध मोलाचे आहेत. काही द्वादशफलके नाण्यांच्या दडवलेल्या ठेव्यांत मिळाली, म्हणजे ती जपून ठेवण्याजोगी होती. जर्मनीत क्रेफेल्ड-गेलेप इथे चौथ्या शतकातल्या एका स्त्रीच्या थडग्यात द्वादशफलक मिळाले आणि त्याच्याजवळ हाडाची एक काठी होती. काठीवर बसवून मिरवायचे होते का, हा प्रश्न तिथून निघाला. नॉर्टन डिस्नीचे द्वादशफलक एका मोठ्या खड्ड्यात, चौथ्या शतकातल्या खापरांसोबत, अखंड स्थितीत मिळाले. जुनी बहुतेक उदाहरणे शेतात, नदीत, धातुशोधकाने उकरलेली, भोवतालची माती हरवलेली. म्हणून हा शोध महत्त्वाचा. वस्तूपेक्षा तिच्या शेजारी काय होते त्यावरून जास्त कळते.

जिनीव्हात १९८२ साली सेंट पिएर कॅथीड्रलपाशी मिळालेला नमुना वेगळ्या जातीचा आहे: भरीव शिशाचा, वर चांदीचा पत्रा आणि बारा पैलूंवर बारा राशींची लॅटिन नावे. पोकळ वस्तूंचा उपयोग त्यावरून सिद्ध होत नाही. पण बारा पैलू आणि बारा राशी ही सांगड त्या मुलखात कोणीतरी घातली होती, एवढे कळते. प्लेटोनेही ‘तिमेयस’ या ग्रंथात पाचव्या घनाकृतीचा, म्हणजे द्वादशफलकाचा, संबंध अखिल विश्वाशी लावला आहे. राशी, भविष्य, पूजाविधी या दिशेचा तर्क मला सर्वांत कमी अडचणीचा वाटतो, कारण त्याला ठरावीक माप लागत नाही आणि झीजही लागत नाही.

त्रिज्या

एक हरकत. ‘विधीची वस्तू’ हे उत्तर कशालाही चिकटते. ते खोटे ठरवता येत नाही, म्हणून त्याला बळकट म्हणू नये. मेणबत्तीच्या तर्काला निदान पुरावा आहे. एकदोन द्वादशफलकांत मेणाचे अवशेष मिळाले आहेत, आणि उत्तरेकडे ऑलिव्हचे तेल लांबून येणार, म्हणून तिथे दिव्यांपेक्षा मेणबत्त्या सोयीच्या. मुलखाचा प्रश्न त्यात सुटतो.

नाणेवाचक

हरकत मान्य. ‘विधी’ हा शब्द पाटीवर एकटा लिहू नये. पण मेणबत्तीला बारा भोके आणि वीस गोट्या लागत नाहीत. पाय असलेले साधे घर पुरते, आणि तशी घरे रोमन काळात होती. शिवाय जर्मनीत आर्लोफ इथली वीस पैलूंची वस्तूही विसरू नका. ती बराच काळ द्वादशफलक म्हणूनच नोंदलेली होती. बारा कोपऱ्यांवर तशाच गोट्या. म्हणजे गोट्या हा या कुटुंबाचा कायमचा भाग आहे, भोकांच्या मापाशी त्यांचा संबंध नाही.

मेणसाचा

गोट्यांबद्दल कारागिराच्या बाजूने एक सांगतो. कोणताही पैलू खाली ठेवा, वस्तू पाच गोट्यांवर स्थिर उभी राहते आणि पैलू जमिनीला लागत नाही. बाराही बाजू सारख्याच ‘वर’ येऊ शकतात. म्हणजे बनवणाऱ्याला वस्तू टेकवायची होती आणि कोणती बाजू वर हे बदलता ठेवायचे होते. हे मुलांना हातात देऊन दाखवा, वाचून कळत नाही.

खापरतुकडा

ब्रह्मपुरीचे राहिले.

नाणेवाचक

शेजारी लावू नका, चुकीची सांगड बसेल. कोल्हापूरच्या ब्रह्मपुरी टेकडीवर १९४० च्या दशकात मिळालेल्या ब्राँझच्या वस्तू, आणि त्यातली आज टाउन हॉल संग्रहालयात असलेली पोसायडनची मूर्ती, हा भूमध्य समुद्राकडचा माल. तो इजिप्तच्या तांबड्या समुद्रावरच्या बेरेनिकेसारख्या बंदरांतून भडोच, सोपारा, कल्याण आणि पुढे पैठण-तेरपर्यंत येणाऱ्या व्यापाराच्या वाटेवरचा. द्वादशफलके त्या वाटेवर कुठेच नाहीत. साम्राज्य एक, पण दोन टोके वेगळी. दोन्ही दाखवायचेच असेल तर एक नकाशा लावा आणि दोन रंगांनी खुणा करा, तो फरक हाच खरा धडा होईल.

व्हिएतनाममधल्या ऑक-एओसारख्या ठिकाणचे सोन्याचे बारीक मणीही कोणीतरी पुढे करेल. बारा भोके, कोपऱ्यांवर रवे, दिसायला हुबेहूब. ते सोन्याच्या तारेची बारा कडी एकमेकांना डाखून करतात. बारा कडी गोलाकार मांडली की मध्ये आपोआप वीस तिकोनी फटी राहतात आणि सोनार तिथे रवा बसवतो. त्यांची कडी सारखी असतात, द्वादशफलकाची भोके सारखी नसतात. आकार सारखा म्हणून नाते जोडू नये.

खापरतुकडा

सर्वांचे आभार. पाटीचा मसुदा असा केला आहे:

‘रोमन द्वादशफलक (प्रतिकृती, पितळ). मूळ वस्तू: शिसेमिश्रित ब्राँझ, मेणसाचा पद्धतीने ओतलेली. काळ: इ.स. दुसरे ते चौथे शतक. आजवर सुमारे १३० सापडली. उपयोग अज्ञात. उचलून पाहा: कोणती दोन भोके समोरासमोर सारखी आहेत? कोणत्या बाजूवर ती उभी राहत नाही?’

त्रिज्या

दोन्ही प्रश्न छान, दोन्हींचे उत्तर ‘एकही नाही’. फक्त ‘रोमन’च्या जागी ‘रोमन साम्राज्याच्या वायव्य प्रांतांतील’ लिहा. रोममध्ये एकही मिळालेले नाही.

मेणसाचा

आणि पाटीखाली फोडलेल्या सांच्याचा एक तुकडा ठेवा, गाभा भोकातून बाहेरच्या मातीला जोडलेला दिसेल असा. ओतल्यावर सांचा फेकून देऊ नका म्हणून ओताऱ्यांना आधीच सांगून ठेवा.